बाळाला 'पित्त' उठते तेव्हा: अन्नाची ॲलर्जी ओळखताना घड्याळ का पाहावे

यंदाच्या उन्हाळ्यात गोव्यात फोंड्याला भाचीकडे गेले होते, तेव्हा तिच्या सात महिन्यांच्या मुलाला पहिल्यांदाच अंडे दिले गेले. चांगले कडक उकडलेले अंडे उकड्या तांदळाच्या पेजेत कुस्करून जेमतेम दोन चमचे भरवले. बारा-पंधरा मिनिटांत त्याच्या हनुवटीखाली आणि कानामागे डास चावल्यासारख्या गांधी उठल्या, एकमेकींत मिसळत गळ्यापर्यंत उतरल्या, आणि त्याला एक उलटी झाली. भाचीच्या सासूबाई म्हणाल्या, "पित्त उठलंय, उष्ण पडलं त्याला," आणि आमसुलांचे पाणी अंगाला चोळायला घेऊन आल्या. भाचीने मुलाला मांडीवर घेतले, त्याचा श्वास नीट चालला आहे ना हे पाहिले आणि त्याला तसेच डॉक्टरांकडे नेले. निघण्यापूर्वी तिने भिंतीवरच्या कालनिर्णयात त्या तारखेखाली पेन्सिलीने लिहिले: 'अंडे २ चमचे, ९.१०. गांधी ९.२५. उलटी १.' डॉक्टरांना पहिले तीन प्रश्न विचारावेच लागले नाहीत.

सासूबाईंचे चुकले असे मी म्हणणार नाही. गांधींना 'पित्त' म्हणण्याची आपल्याकडची रीत जुनी आहे, आणि आमसुलाच्या पाण्याने खाज तात्पुरती थंडावतेही. अडचण एवढीच आहे की, 'पित्त' हे नाव दिले की कारणाचा शोध तिथेच थांबतो. ते उन्हाने, जागरणाने, आईने काही खाल्ल्याने झाले असे ठरते, आणि पंधरा दिवसांनी तेच अंडे पुन्हा भरवले जाते. त्याच्या अगदी उलट टोकाला अशीही घरे आहेत, जिथे गालावर एक लाल ठिपका दिसला की मासे, दूध, अंडी आणि शेंगदाणे सगळेच बंद होते. दोन्हींत नुकसान बाळाचेच होते.

राखणीचा कुत्रा आणि पदेर

आपल्या शरीराची रोगप्रतिकारशक्ती म्हणजे घराच्या राखणीचा कुत्रा समजा. चोराला ओळखणे आणि घरच्यांना येऊ देणे, हे त्याचे काम. रोज पहाटे सायकलवरून हॉर्न वाजवत पदेर पाव घेऊन येतो. तो चोर नाही हे शहाणा कुत्रा लवकरच शिकतो. पण एखाद्या कुत्र्याच्या मनात पदेराबद्दल काही कारणाने संशय बसला, तर तो त्याचा वास लक्षात ठेवतो आणि पुढच्या खेपेला हॉर्न ऐकल्याबरोबर अंगावर धावून जातो.

अन्नाच्या ॲलर्जीत हेच घडते. अंडे, दूध किंवा मासे यांतले एखादे निरुपद्रवी प्रथिन शरीराला शत्रू वाटते, आणि त्याची ओळख पटवणारे 'आयजीई' नावाचे प्रतिपिंड तयार होऊन कातडीखालच्या, आतड्यातल्या आणि श्वासमार्गातल्या विशिष्ट पेशींवर चिकटून बसतात. तेच प्रथिन पुन्हा आले की या पेशी फुटल्यागत हिस्टामिन आणि इतर रसायने बाहेर टाकतात. गांधी, ओठांची सूज, उलटी, घरघर ही सगळी त्या रसायनांची करणी. म्हणून ॲलर्जी ही अन्नातली खोट नव्हे आणि पचनाचा कमकुवतपणाही नव्हे. आणि शरीर प्रथिनाला ओळखत असल्यामुळे त्याचे प्रमाण फार थोडे असले तरी पुरते.

बाळांमध्ये गाईचे दूध आणि अंडे ही सर्वांत नेहमीची कारणे आहेत. त्यांच्या जोडीला शेंगदाणे, काजू-अक्रोडासारखा सुकामेवा, मासे, सुंगटे-कुर्ल्यांसारखे कवचधारी जीव, गहू, सोयाबीन आणि तीळ. खरे तर कोणतेही प्रथिनयुक्त अन्न कारण होऊ शकते, पण गंभीर प्रतिक्रियांचा बहुतांश भाग या मोजक्या पदार्थांच्या वाट्याला येतो. आपल्या स्वयंपाकातला नारळ त्यात क्वचितच सापडतो, हे गोव्यातल्या घरांना दिलासा देणारे आहे.

पुरळ कसे दिसते, त्याहून किती वेळाने आले

माझ्या मते पालकांनी शिकण्यासारखी सर्वांत उपयोगाची गोष्ट ही आहे. आयजीईमुळे होणारी ॲलर्जी झटकन येते. बहुधा काही मिनिटांत, आणि फार तर दोन तासांत. अंगावर गांधी, डोळे-ओठ-कान सुजणे, खाज, उलटी, सतत शिंका किंवा खोकला, घरघर ही तिची लक्षणे; आणि तोच पदार्थ पुन्हा दिला की ती पुन्हा येतात. 'काल दुपारी इसवण मासा दिला आणि आज संध्याकाळी मांड्यांवर पुरळ आले' या वर्णनात इसवणाचा दोष असण्याची शक्यता फार कमी असते. तिथे घाम, लंगोट किंवा साधा विषाणुज्वर आधी तपासावा. लहान मुलांत गांधी उठण्याचे एक अतिशय नेहमीचे कारण अन्न नसून विषाणूंचा संसर्ग हेच असते.

दुसरा प्रकार आयजीईशिवाय होतो आणि तो सावकाश येतो. त्यातली दोन रूपे ओळखून ठेवावीत. पहिले असे की, अंगावरच पिणाऱ्या, वजन नीट वाढणाऱ्या, हसऱ्या बाळाच्या शीमध्ये रक्ताचे बारीक दोरे आणि शेंब दिसतो. आईने प्यालेल्या गाईच्या दुधातली प्रथिने तिच्या दुधातून अल्प प्रमाणात उतरतात आणि बाळाच्या मोठ्या आतड्याला सूज आणतात. अशा वेळी स्तनपान थांबवायचे नसते. डॉक्टरांच्या सल्ल्याने आई दोन ते चार आठवडे दूध आणि दुधाचे पदार्थ सोडते, बाळाला फरक पडतो का हे पाहिले जाते, आणि नंतर ते पुन्हा खाऊन संशय खरा की खोटा याची खात्री केली जाते. ही शेवटची पायरी बरीच घरे गाळतात आणि आई वर्षभर विनाकारण पथ्यात राहते.

दुसरे रूप अधिक घाबरवणारे आहे. खाल्ल्यानंतर एक ते चार तासांनी बाळाला एकामागून एक जोरदार उलट्या होतात, ते पांढरे पडते, मलूल होते, आणि तरीही अंगावर एकही गांध नसते. हे जुलाब-उलट्यांचा आजार किंवा विषबाधा म्हणून सोडून दिले जाते आणि दोन-तीनदा घडल्यावरच उमगते. पेजेवर वाढणाऱ्या आपल्या बाळांसाठी यातली लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की, ज्याला सगळे सर्वांत निरुपद्रवी समजतात तो तांदूळ ऑस्ट्रेलियात या प्रकाराचे सर्वांत नेहमीचे कारण म्हणून आढळला आहे, तर स्पेन आणि इटलीत दुधाखेरीजच्या पदार्थांत मासे. हा प्रकार एकंदरीत विरळ आहे, त्यामुळे पेजेला घाबरण्याचे कारण नाही. पण तोच पदार्थ आणि तेवढेच तास असे दुसऱ्यांदा जुळले, तर डॉक्टरांना ते जरूर सांगावे.

बांगड्यावरचा खोटा आळ

ॲलर्जीसारखे दिसणारे पण ॲलर्जी नसलेले बरेच काही असते, आणि गोव्यात त्यात पहिला मान बांगड्याचा. बांगडा, तारली, टुना यांच्या मांसात हिस्टिडिन नावाचे द्रव्य भरपूर असते. मासळी बर्फाविना उन्हात राहिली की जंतू त्याचे रूपांतर हिस्टामिनमध्ये करतात. म्हणजे ॲलर्जीत आपल्या पेशी जे रसायन बाहेर टाकतात, ते इथे माशातूनच आयते पोटात जाते. चेहरा लाल होतो, अंग खाजते, डोके दुखते, उलटी होते. शिजवल्याने किंवा तळल्याने हे हिस्टामिन नष्ट होत नाही. ओळखण्याची खूण सोपी आहे: त्याच जेवणातल्या एकाहून अधिक जणांना त्रास झाला, तर दोष मासळीच्या ताजेपणाचा. एकट्या बाळालाच झाला आणि ताज्या बांगड्यानेही पुन्हा झाला, तर ॲलर्जीचा विचार करावा. एका शिळ्या बांगड्यामुळे मुलाच्या नावापुढे 'मासळीची ॲलर्जी' असे कायमचे लिहिले जाऊ नये, असे मला मनापासून वाटते, कारण आपल्याकडे मासे म्हणजे मुलांच्या प्रथिनांचा मोठा आधार आहे.

'मासळीची ॲलर्जी' हा शब्दही ढोबळच आहे. बांगडा, इसवण, मोरी यांतले प्रथिन वेगळे आणि सुंगटे, कुर्ल्या यांतले वेगळे. एकाची ॲलर्जी असलेल्याला दुसऱ्याची असेलच असे नाही. तिसऱ्या आणि खुबे हे शिंपल्यांतले जीव तर आणखी वेगळ्याच कुळातले. नेमके काय खाल्ले होते, याचे नाव लिहून ठेवावे ते याचसाठी.

टोमॅटो, अननस, संत्रे यांचा आंबट रस लागून ओठांभोवती येणारी लाली ही बहुधा कातडीची नुसती जळजळ असते. ती तोंडाभोवतीच राहते आणि थोड्या वेळात जाते. दुधातली साखर न पचणे, म्हणजे लॅक्टोज न सोसणे, हेही ॲलर्जीहून अगदी निराळे आहे: त्यात पोट फुगते आणि पातळ शी होते, पण गांधी किंवा सूज येत नाही. तान्ह्या बाळात ते सहसा जुलाबाच्या आजारानंतर काही दिवसांपुरतेच दिसते.

"मग हे पदार्थ दोन-तीन वर्षे दूरच ठेवले तर?"

हा विचार इतका साहजिक आहे की, डॉक्टरही एकेकाळी तोच सल्ला देत असत. अमेरिकी बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २००० साली सांगितले होते की, ज्यांच्या घरात ॲलर्जी आहे अशा बाळांना अंडे दोन वर्षांपर्यंत आणि शेंगदाणे, सुकामेवा व मासे तीन वर्षांपर्यंत देऊ नयेत. ॲलर्जी त्याने कमी झाली नाही, आणि २००८ मध्ये तो सल्ला मागे घेण्यात आला. त्याच वर्षी लंडनच्या गिडियन लॅक यांच्या गटाने एक विलक्षण तुलना प्रसिद्ध केली: ब्रिटनमधल्या ज्यू शाळकरी मुलांत शेंगदाण्याची ॲलर्जी १.८५ टक्के, तर इस्रायलमध्ये ०.१७ टक्के. वंश बराचसा एक, पण इस्रायलची बाळे पहिल्या वर्षापासूनच शेंगदाण्याचा कुरकुरीत खाऊ चघळत होती.

मग त्याच गटाने प्रत्यक्ष प्रयोग केला आणि तो २०१५ साली प्रसिद्ध झाला. तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेली ६४० बाळे चार ते अकरा महिन्यांच्या वयात निवडून निम्म्यांना शेंगदाण्याचे पदार्थ नियमित दिले आणि निम्म्यांना पूर्ण वर्ज्य केले. सुरुवातीच्या त्वचाचाचणीत शेंगदाण्याला प्रतिक्रिया न आलेल्या मुलांपैकी, पाच वर्षांच्या वयात, वर्ज्य करणाऱ्यांतल्या १३.७ टक्के मुलांना ॲलर्जी झाली. खाणाऱ्यांत ती १.९ टक्के होती. तेव्हापासून सल्ला उलटला. वरचे अन्न सुरू झाले की, म्हणजे साधारण सहाव्या महिन्यापासून, हे पदार्थही बाळाला शोभतील अशा रूपात द्यावेत आणि एकदा सोसले की नियमित देत राहावेत.

गरोदरपणात किंवा बाळंतपणात आईने मासे, अंडी, शेंगदाणे सोडल्याने बाळाची ॲलर्जी टळते, यालाही आधार मिळालेला नाही. बाळंतिणीला पथ्याच्या नावाखाली मासळीवाचून ठेवणाऱ्या घरांनी याचा अवश्य विचार करावा.

पडकी भिंत

इथे एक शंका येतेच: भाचीच्या मुलाने तर अंडे पहिल्यांदाच खाल्ले होते, मग कुत्र्याच्या मनात संशय बसला तरी कधी?

त्याचे एक उत्तर कातडीत सापडते. पदेर रोज पुढच्या दाराने आला तर कुत्र्याला तो घरचा वाटतो. तोच माणूस पडक्या भिंतीवरून परसात उतरला तर चोर वाटतो. तोंड आणि आतडे म्हणजे पुढचे दार, आणि इसबाने फाटलेली, खरखरीत, ओलसर कातडी म्हणजे पडकी भिंत. घरातल्या हातांवर, गादीवर, धुळीत अन्नाचे सूक्ष्म कण असतातच. ते फाटक्या कातडीतून आत गेले की शरीर त्यांना शत्रू म्हणून नोंदवू शकते. लहानपणी तीव्र इसब असलेल्या बाळांत अन्नाची ॲलर्जी जास्त दिसते, त्यामागे हे मोठे कारण मानले जाते. ब्रिटनमध्ये २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, पुरळावर शेंगदाण्याचे तेल असलेली मलमे लावलेल्या बाळांत शेंगदाण्याची ॲलर्जी अधिक आढळली होती.

म्हणून बाळाला इसब असेल तर साय-बेसन, मसुरीचे पीठ, बदामाचे तेल असे काही त्या कातडीवर चोळू नये, आणि इसबाचा इलाज वेळीच करावा. धडधाकट कातडीच्या बाळाला खोबरेल तेलाने मालीश करण्याबद्दल हे नाही.

पहिला घास

उष्टावणाच्या दिवशी बाळाला खिरीचे बोट चाटवावे, पण नव्या अन्नाची खरी चाचणी समारंभाच्या गर्दीत करू नये. बाळ बरे असताना, सकाळी किंवा दुपारी, पुढचे दोन तास कोणीतरी सतत जवळ असेल अशा वेळी एकच नवा पदार्थ चमच्याच्या टोकाएवढा द्यावा. दहा-पंधरा मिनिटे काही झाले नाही तर थोडा आणखी. अंडे पूर्ण शिजलेले हवे. शेंगदाणे आणि काजू कधीही अख्खे किंवा तुकड्यात देऊ नयेत, कारण ते श्वासनलिकेत अडकतात. बारीक कूट किंवा पातळ पेस्ट पेजेत अथवा नाचण्याच्या तिजानात मिसळावी. मासा काटे काढून, मसाल्याविना, कुस्करून. बाळाला तीव्र इसब असेल किंवा आधीच एखादी ॲलर्जी असेल, तर शेंगदाणे किंवा अंडे सुरू करण्यापूर्वी बालरोगतज्ज्ञांना विचारावे.

मध पहिल्या वर्षात देत नाहीत, पण त्याचे कारण ॲलर्जी नाही. मधातल्या जंतूंच्या बीजाणूंमुळे तान्ह्या बाळाला बॉट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो.

"एका रक्ततपासणीत सगळे का कळत नाही?"

कारण तपासणी सांगते की, कुत्र्याने वास लक्षात ठेवला आहे. तो चावेल की नाही हे सांगत नाही. त्वचेवर टोचून केलेली चाचणी किंवा रक्तातले आयजीई सकारात्मक आलेली अनेक मुले तो पदार्थ आनंदाने खातात. म्हणून डॉक्टर आधी हकिगत ऐकतात आणि संशय असलेल्या एक-दोन पदार्थांचीच चाचणी करतात; शंका उरली तर रुग्णालयात, देखरेखीखाली, तो पदार्थ थोडा थोडा खायला देऊन पाहतात. सावकाश येणाऱ्या प्रकाराची तर या चाचण्यांत नोंदही होत नाही. आमच्या ओळखीतल्या एका आईने हौसेने नव्हे, काळजीने, शेकड्याने पदार्थांची 'आयजीजी' तपासणी करून घेतली होती, आणि मुलाला चौदा पदार्थ बंद केले होते. आयजीजी हे प्रतिपिंड आपण जे खातो त्याची साधी खूण असते. ॲलर्जी ठरवण्यासाठी ती तपासणी करू नये असे ॲलर्जीतज्ज्ञांच्या संघटना स्पष्ट सांगतात. मुलाचे वजन मात्र तोवर घटले होते.

"गाईचे बाधते, तर शेळीचे किंवा म्हशीचे?"

नाही. या दुधांतली प्रथिने एकमेकांशी इतकी मिळतीजुळती असतात की, गाईच्या दुधाची ॲलर्जी असलेल्या बहुतेक बाळांना शेळीचे आणि म्हशीचेही बाधते. वरच्या दुधावर असलेल्या बाळाला प्रथिने बारीक तोडलेली खास पावडर लागते, आणि ती डॉक्टरच ठरवतात. सोलकढीसाठी काढतो तो नारळाचा रस पहिल्या वर्षात दुधाची जागा घेऊ शकत नाही. त्यात प्रथिने आणि कॅल्शियम फार कमी असते.

श्वासाला लागले तर

गांधींबरोबर घरघर, आवाज किंवा रडणे एकदम घोगरे होणे, जीभ सुजणे, सतत उलट्या, अंग पांढरे-निळसर पडणे, बाळ एकाएकी लुळे किंवा गुंगीत गेल्यासारखे होणे, यांतले काहीही दिसले तर ते 'ॲनाफिलॅक्सिस', म्हणजे सबंध शरीरावर पसरलेली जिवावरची प्रतिक्रिया असू शकते. काही वेळा यात गांधी उठतही नाहीत.

यावरचे औषध एकच: ॲड्रेनालिनचे मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूत दिलेले इंजेक्शन. खाज कमी करणारे सिरप ही प्रतिक्रिया थांबवू शकत नाही. ते पाजून वाट पाहण्यात मोलाची मिनिटे जातात. आपोआप टोचणारी पेनासारखी इंजेक्शने भारतात सहज मिळत नाहीत, म्हणून १०८ला लगेच फोन करावा आणि सत्तरी, सांगे, काणकोणसारख्या भागात बांबोळीचे मोठे सरकारी रुग्णालय गाठण्याचा हट्ट न धरता आधी जवळचे आरोग्य केंद्र किंवा रुग्णालय गाठावे. ॲड्रेनालिन राष्ट्रीय आवश्यक औषधांच्या यादीतले, स्वस्त औषध आहे. तोवर बाळाला आडवे धरावे, खांद्यावर उभे घेऊ नये. उलटी होत असेल तर कुशीवर. उलटी मुद्दाम काढू नये, काही पाजू नये. बाळ सावरले तरी काही तास देखरेखीखाली ठेवतात, कारण लक्षणे उलटून येऊ शकतात.

नाव कागदावर, आणि पुन्हा खोडायलाही

ॲलर्जी पक्की ठरली की घरातल्या प्रत्येकाला, अंगणवाडीताईंना आणि शेजारच्या काकूंना तिचे नेमके नाव सांगावे. वेष्टणावर दूध, अंडी, मासे, कवचधारी, शेंगदाणे, सुकामेवा, सोया आणि ग्लुटेनयुक्त धान्ये यांची नोंद करणे भारतातल्या अन्नसुरक्षा नियमांनी बंधनकारक आहे. पण बेकरीतला सुटा केक, बेबिंकातले अंडे, भाजीत घातलेली सुकी सुंगटे, किंवा मासे तळलेल्या तेलातली भजी यांना वेष्टण नसते, तिथे विचारावेच लागते. अंड्याच्या ॲलर्जीमुळे नवव्या महिन्याची गोवर-रुबेलाची लस मात्र चुकवू नये. अशा मुलांना ती सुरक्षित आहे.

दूध आणि अंडे यांची ॲलर्जी बहुसंख्य मुलांत शाळेच्या वयाकडे जाताना विरते. शेंगदाण्याची साधारण पाचांतल्या एका मुलाची जाते. मासे, सुंगटे, काजू यांची बहुधा राहते. म्हणून डॉक्टर ठरावीक काळाने पुन्हा तपासतात, आणि हे पाहणे घरी स्वतःच्या हिमतीवर करायचे नसते.

भाचीच्या मुलाला दूध, गहू, बांगडा आणि शेंगदाण्याचे कूट सगळे पचते. बंद आहे ते फक्त अंडे. वर्षाचा झाल्यावर रुग्णालयात बसवून केकमध्ये भाजलेले अंडे चमचाभर देऊन पाहायचे असे डॉक्टरांनी ठरवले आहे, आणि त्या तारखेखाली कालनिर्णयात पेन्सिलीने एक गोल काढून ठेवलेला आहे.